‘रन’ या शब्दाचे काम चालू असताना

पुरवणी जबाब
दिनांक ३ डिसेंबर २०२५, दुपारी १२ वाजून २० मिनिटे

नाव : मार्तंड नारायण पांढरीपांडे
वय : ७४ वर्षे
धंदा : सेवानिवृत्त (सरकारी कचेरीत भाषांतरकार)
राहणार : प्लॉट क्रमांक ४१, अमरावती रोडच्या आतल्या बाजूला, वाडी, नागपूर

मी आज आपण होऊन पोलीस ठाण्यात आलो आहे. मला कोणी बोलावलेले नाही. हवालदार श्री. जितेंद्र ढोमणे यांच्यासमोर बसून सांगतो ते असे की, वरील पत्त्यावर मी व माझी पत्नी सुमती, वय ७०, असे दोघे राहतो. आमची एकुलती एक मुलगी भैरवी, वय ४२, हिंगण्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. ती त्रिमूर्ती नगरला राहते व दर रविवारी आमच्याकडे येते. सुमती दिनांक २० नोव्हेंबर, गुरुवारपासून घरी नाही. त्याबद्दल मी त्याच दिवशी संध्याकाळी सव्वासात वाजता भैरवीसोबत येऊन याच ठाण्यात खबर दिली होती. त्या खबरीत मी तीन गोष्टी खोट्या सांगितल्या. त्या दुरुस्त करण्यासाठी हा जबाब आहे.

हवालदारांनी सुरुवातीला ‘सदर इसम’ असे लिहिले होते. सुमती इसम नाही, म्हणून ते खोडायला लावले. ‘मिसिंग’ हा शब्दही मला मान्य नव्हता, परंतु छापील कागदावर तोच आहे असे ते म्हणाले, तेव्हा मी जास्त ताणले नाही. हा स्वभाव मला आयुष्यभर नडला आहे. पुढे जे सांगायचे आहे त्यातही तोच आहे.

मी सन १९९४ पासून एकट्याने इंग्रजी-मराठी कोशाचे काम करतो. मला कोणी हे काम दिलेले नाही व कोणी छापणारही नाही. कॉलनीत मला उंटावरचा शहाणा म्हणतात हे मला ठाऊक आहे. कामाची पद्धत अशी की, एका अर्थाला एक चिठ्ठी. चिठ्ठीवर शब्द, अर्थ व बोलीतले एक उदाहरण लिहायचे आणि कोपऱ्यात तारीख व वेळ टाकायची. ऑफिसातली सवय म्हणून वेळ टाकतो. त्या वेळेचा कधी उपयोग होईल असे वाटले नव्हते.

यंदा जूनपासून मी ‘रन’ या शब्दावर आहे. हा शब्द मी २०१७ साली हाती घेऊन मध्येच सोडला होता. दिसायला पोराटोरांच्या क्रिकेटमधला शब्द, परंतु आत शिरले की संपत नाही. माणूस धावतो, नळ वाहतो, गिरणी चालते, कपड्याचा रंग उतरतो, बस ये-जा करते, घर चालवतात, निवडणुकीला उभे राहतात, या सगळ्याला इंग्रजीत हाच एक शब्द पुरतो. आजपर्यंत माझ्या एकशे बारा चिठ्ठ्या झाल्या आहेत. हवालदार म्हणाले, “काका, हे जबाबात काहून लिवाचं? बाई कुठी गेली ते सांगा ना.” मी म्हणालो की ती कुठे गेली ते याच्यातच आहे, लिहा. त्यांनी लिहिले.

पहिल्या अडुसष्ट चिठ्ठ्या २०१७ सालच्या, त्यांवरची उदाहरणे सुमतीची आहेत. मी अर्थ सांगायचा आणि तिने स्वयंपाकघरातून वाक्य फेकायचे, अशी आमची रीत होती. यंत्र चालणे म्हटले की ती म्हणे, “पिठाची गिरणी मंगळवारी चालत नाही.” वाहणे म्हटले की, “तुमचं नाक वाहून राहिलं, स्वेटर घाला.” निवडणुकीला उभे राहणे म्हटले तेव्हा म्हणाली, “सोसायटीला उभे राहा म्हटलं तर हे बसूनच राहतात.” घर चालवणे यावर तिने दिलेले वाक्य असे की, “घर मी चालवते, तुम्ही शब्द चालवा.” मी ही वाक्ये जशीच्या तशी लिहून घेतली. पाहुण्यांना ती सांगायची की, सवत परवडली, ती निदान जेवायला तरी उठू देते, यांच्या चिठ्ठ्या उठू देत नाहीत. सगळे हसत. मीही हसत असे.

चिठ्ठी हातात असताना माझ्याशी कोणी बोलायचे नाही, असा नियम मी १९९४ मध्येच घातला. सुमतीने एकदा मधेच हाक मारली आणि माझे वाक्य मोडले, म्हणून मी तिला फार टाकून बोललो. त्यानंतर तिने हाक मारणे बंद केले. काही सांगायचे असेल तर ती वस्तू आणून माझ्या टेबलावर ठेवू लागली. मिठाची रिकामी बरणी म्हणजे मीठ आणा. गॅसचे पुस्तक म्हणजे नंबर लावा. भैरवी सातवीत असताना एकदा थर्मामीटर ठेवले होते. मी चिठ्ठी पूर्ण करून मग पाहिले, तर एकशे तीन ताप होता. ही पद्धत मला फार सोयीची वाटली. मी चारचौघांत तिचे कौतुकही करत असे. पद्धतीचे करत असे, सुमतीचे केल्याचे आठवत नाही.

दोन वर्षांपासून सुमतीला विसर पडतो. आधी माणसांची नावे गेली, मग ती घरातला रस्ता चुकू लागली. या वर्षीच्या उन्हाळ्यापासून बोलणे जवळपास थांबले. परंतु टेबलावर वस्तू ठेवण्याची सवय गेली नाही. चमचा आणून ठेवी, न्हाणीघरातला मग, देवातला शंख, माझाच चष्मा. दिवसातून दहा-बारा वस्तू येत. सुरुवातीला मी उठून बघत होतो. कधी तिला तहान लागलेली असे, कधी काहीच नसे. नंतर मी बघायचे सोडले. संध्याकाळी सगळे गोळा करून जागच्या जागी ठेवून देत असे.

भैरवीने ऑगस्टमध्ये आईसाठी ओळखपत्र करून आणले. निळ्या पट्टीत अडकवलेले, त्यावर सुमतीचे नाव, पत्ता व दोघांचे फोन नंबर. पट्टी गळ्यात घालताना ती मला म्हणाली होती, “बाबा, एक काम करा. दिवसभर फक्त ही गळ्यात आहे ना तेवढं बघत जा. बाकी काही करू नका.” मी बघत होतो. सकाळी आंघोळीनंतर घालत होतो व रात्री काढून ठेवत होतो.

दिनांक २० नोव्हेंबर रोजी आम्ही साडेबारा वाजता जेवलो. वरण-भात व मेथीची भाजी होती. सुमतीने भात खाल्ला. ती पलंगावर आडवी झाल्यावर मी टेबलाशी बसलो. ‘रन’ची एकशे अकरावी चिठ्ठी २ वाजून २५ मिनिटांनी पूर्ण झाली. एकशे बारावीचा अर्थ होता, नाटकाचे प्रयोग सलग होत राहणे. अर्थ लिहिला, परंतु उदाहरणाला अडलो. बोलीतले वाक्य सुचत नव्हते. तेव्हा सुमती माझ्या उजव्या हाताला येऊन उभी राहिली. तिने गळ्यातली पट्टी काढली होती. ती ओळखपत्रासह माझ्यासमोर चिठ्ठीवर ठेवली. मी वर पाहिले नाही. पट्टी कोपराने बाजूला सारली, कारण शाई ओली होती.

ती किती वेळ उभी होती ते सांगता येत नाही. तिच्या बांगड्या वाजल्या एवढे आठवते. मग ती गेली. थोड्या वेळाने फाटकाच्या कडीचा आवाज आला. शेजारच्या कौशल्याबाई कढीलिंबाला आल्या असतील असे मला वाटले, असे मी आता म्हणू शकतो. परंतु कौशल्याबाई कडी काढतात तेव्हा हाकही मारतात. हाक आली नाही. ते माझ्या लक्षात आले होते. वाक्य सुचले की उठू असे मी मनाशी म्हणालो. वाक्य सुचले तेव्हा चिठ्ठीवर २ वाजून ५० मिनिटे ही वेळ टाकली. ती चिठ्ठी आज हजर करत आहे. तो अर्थ दुसऱ्या दिवशीही लिहिता आला असता.

त्यानंतरही मी लगेच उठलो नाही. पुढचा अर्थ चाळत बसलो. साडेचार वाजता चहासाठी उठलो तेव्हा पलंग रिकामा होता व फाटक उघडे होते. मी कॉलनीत, मैदानावर, देवळापाशी पाहिले. कौशल्याबाईंनी त्यांच्या सुनेलाही पाठवले. साडेपाचला मी घरी येऊन भैरवीला फोन केला. तोवर पट्टी टेबलावरच होती. फोन झाल्यावर मी ती चिठ्ठ्यांच्या खणात ठेवून खण बंद केला. का ठेवली ते हवालदारांनी विचारले. मला ती बघवत नव्हती आणि भैरवी येणार होती.

भैरवी हिंगण्याहून परस्पर आली. ठाण्याकडे येताना ऑटोत तिने विचारले, “बाबा, पट्टी होती ना गळ्यात?” मी होती म्हणालो. मग ठाण्यात अधिकाऱ्यांनी विचारले तेव्हाही तेच सांगितले. आपण काय करत होतात असे विचारले तेव्हा झोपलो होतो असे सांगितले. किती वाजता गेल्या असतील, यावर चारच्या पुढे असे सांगितले. या त्या तीन गोष्टी. तिन्ही खोट्या आहेत. माझ्यावर कोणाचा दबाव नव्हता. मुलगी शेजारी बसली होती, एवढेच.

मी सांगितले त्यावरून पोलिसांनी कॉलनीच्या तोंडाशी असलेल्या दुकानाचा कॅमेरा चार ते सात या वेळेचा तपासला. त्यात सुमती दिसली नाही, कारण ती त्याच्या सव्वा तास आधी गेली होती. भैरवीने बिनपगारी रजा घेतली. सुमतीचा पट्टी घातलेला फोटो टाकून पाचशे पत्रके छापली व त्यावर ‘गळ्यात निळी पट्टी व ओळखपत्र आहे’ असे ठळक घातले. पट्टी असल्यामुळे कोणीतरी फोन करीलच असे ती रोज सकाळी म्हणत असे. फोन वाजला की दोघेही धावत होतो. एकदा गॅसवाल्याचा होता. तिला मी तेव्हाच सांगायला हवे होते. पहिल्या रात्री सांगितले असते तर रागावली असती. चौथ्या दिवशी सांगितले असते तर बोलणे टाकले असते. दिवस जसे गेले तसे ते आणखी अवघड होत गेले.

काल, २ डिसेंबर रोजी सकाळी ११ च्या सुमारास मी एकटाच पत्रके घेऊन गोदामांच्या रांगेकडे गेलो. तिथे ट्रक वजन करायच्या काट्याला लागून ओमप्रकाश साहू यांची चहाची टपरी आहे. घरापासून ते अंतर दीड किलोमीटर असेल. पत्रक दाखवताच ते म्हणाले, “बाबूजी, मॅडम येऊन गेल्या ना मागं. त्याईले सांगतलं मी, पट्टेवाली बाई इकडं नाई आली.” मी बरे म्हणून निघालो. तेवढ्यात ते मागून म्हणाले, “एक आजी आली होती तसी. पन तिच्या गळ्यात काईच नव्हतं.”

मी बाकावर बसलो. त्यांनी सांगितले ते असे. गुरुवारी तीन-सव्वातीनच्या सुमारास एक म्हातारी बाई अंगावर हिरवे लुगडे, पायात घरातली चप्पल, अशी येऊन बाकावर बसली. नाव, गाव विचारले तर बोलली नाही. तिने पायातली एक चप्पल काढून त्यांच्या गल्ल्यासमोरच्या फळीवर ठेवली. “मले वाटलं तुटली असंल, पायली तर धड होती. मंग मीच तिच्या पायात घालून देल्ली.” त्यांनी तिला चहा व दोन टोस्ट दिले. तिने चहात बुडवून खाल्ले. नंतर तिने रिकामी कपबशी फळीवर ठेवली, तेव्हा ओमप्रकाश यांना कळले की तिला आणखी हवा आहे. त्यांनी दुसरा चहा दिला. त्यांना ते पहिल्याच दिवशी कळले.

साडेपाचच्या सुमारास चहाला थांबलेल्या एका ट्रकवाल्याने आजी कुठे जायचे असे विचारले. तिने मान हलवली. त्याने तिला हात देऊन केबिनमध्ये चढवले व वाटेत घर दाखवील तिथे सोडतो असे सांगितले. गाडी अमरावतीच्या दिशेने गेली. माणूस भला दिसत होता असे ओमप्रकाश म्हणाले. गाडीचा नंबर त्यांनी पाहिला नाही. गाडी वजनाला लागली नव्हती, त्यामुळे काट्यावरही नोंद नाही. केबिनचा रंग केशरी होता एवढे त्यांना आठवते. काट्याच्या फाटकावर कॅमेरा आहे व टपरी त्यात पूर्ण येते. काट्याच्या मालकांनी सांगितले की चित्रण आठ दिवस राहते, मग त्यावर नवीन चढते. म्हणजे २८ तारखेपर्यंत ते होते.

भैरवी त्या टपरीवर २२ तारखेला गेली होती. ओमप्रकाश म्हणाले, “फोटोतल्यासारखीच दिसे, पन मॅडम म्हने आई पट्टा काढतच नाई, बाबा सोता घालून देतेत. मंग मले वाटलं, हे दुसरी कोनी असंल.” ते हात जोडून माझी माफी मागू लागले. मी त्यांना हात खाली घ्यायला सांगितले. ओमप्रकाश साहू यांची काही चूक नाही. हे वाक्य हवालदारांना मी दोनदा लिहायला सांगितले होते, त्यांनी एकदा लिहिले आहे.

काल दुपारी मी घरी आलो व खणातून पट्टी काढली. ती व एकशे बारावी चिठ्ठी ठाण्यात जमा करत आहे. सुमतीला पट्टी ठेवून काय सांगायचे होते असे हवालदारांनी विचारले. गळ्याला टोचत असेल. नाव वाचून दाखवा असे असेल. बाहेर घेऊन चला असेही असेल. मला सांगता येत नाही. तिला त्या वेळी विचारले असते तर कदाचित कळले असते.

आता पोलीस अमरावती, अकोल्यापर्यंतच्या ठाण्यांना सुधारलेले वर्णन कळवतील असे ठाण्याच्या साहेबांनी सांगितले आहे. तेरा दिवस झाले आहेत. थंडी पडली आहे आणि तिच्या अंगावर स्वेटर नाही. तिला स्वतःचे नाव सांगता येत नाही. या वर्णनाने फारसे काही होईल असे मला वाटत नाही, आणि साहेबांनाही वाटत नसावे, कारण त्यांनी मला चहा मागवला. ‘वरातीमागून घोडे’ असे सुमती मला नेहमी म्हणायची. बरोबरच म्हणायची.

भैरवी आज सकाळपासून कळमन्याच्या बाजारात फळांच्या लिलावाजवळ पत्रके वाटत आहे. तीच पत्रके आहेत. हवालदार म्हणाले, “आधी त्याईले थांबवा काका. चुकीचं वाटून राहिल्या त्या.” ते खरे आहे. मी या ठिकाणाहूनच १ वाजून ५० मिनिटांनी तिला फोन लावला. तिने उचलल्याबरोबर “काही कळलं का” असे विचारले. मागे हमालांचा आवाज येत होता. मी फोन हवालदारांच्या हातात दिला आणि जे लिहिले आहे तेच तिला वाचून दाखवा अशी विनंती केली. असे करायची पद्धत नाही असे ते म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले व वाचले.

अशा रीतीने हा जबाब मला वाचून दाखवण्याआधी माझ्या मुलीला फोनवर सुरुवातीपासून येथपर्यंत वाचून दाखवला गेला. त्याला अकरा मिनिटे लागली. फोन बंद झाला असे वाटून हवालदारांनी मधे दोनदा हॅलो म्हटले, तेव्हा तिने हूं म्हटले. वाचून संपल्यावर तिने फोन बाबांकडे द्या असे सांगितले.

तिने विचारले, “बाबा, हे लिहिलंय ते सगळं बरोबर आहे?”

मी बरोबर आहे असे सांगितले. तिने फोन ठेवला.

मजकुरात माझ्या सांगण्याबाहेर एक शब्द नाही. सही करतो.

(मार्तंड नारायण पांढरीपांडे)

माझ्यासमोर,
पो. हवालदार जि. ढोमणे